लॅमिनेशन मशीनचं फीड टेबल : शीट सरळ कशी जाईल?

लॅमिनेशनवर, म्हणजे छापील कागदावर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या फिल्मवर, सुरकुती आली की नवा ऑपरेटर आधी तापमानाच्या बटणाकडे धावतो. पाच डिग्री वाढवतो, मग दहा, मग फिल्मवाल्याला फोन लावतो. सुरकुती जागची हलत नाही. मशीनच्या पुढे कमरेच्या उंचीवर जो साधा पत्र्याचा पाट असतो, ज्यावरून शीट आत सरकते, त्याच्याकडे मात्र कुणी बघत नाही. इतकी वर्षं हे काम केल्यावर मी आता उलट करतो. दोष कुठलाही असो, आधी पाट तपासायचा, मग बटण.

हा सगळा लेख त्या पाटाबद्दल, म्हणजे फीड टेबलाबद्दल आहे. डोळ्यांसमोर धरलंय ते छोट्या डिजिटल प्रेसमध्ये किंवा बाइंडिंगवाल्याच्या दुकानात असतं तसं, हाताने शीट द्यायचं, गरम रोलरचं मशीन. वरचा रोलर तापतो, खालचा रबराचा दाब देतो, फिल्म वरून येते. फिल्म बीओपीपी नावाच्या पातळ प्लास्टिकची, २५ ते २७ मायक्रॉनची, एका बाजूला उष्णतेने वितळणारा गोंद असलेली. कागद बहुतेक वेळा १३ × १९ इंचांचा, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आर्ट कार्ड, म्हणजे गुळगुळीत जाड कागद. स्वतःहून शीट उचलणारी मोठी मशीनं वेगळी, पण त्यांच्याही टेबलाचं दुखणं याच जातीचं असतं.

टेबल नेमकं करतं काय

तीन कामं. शीट दोन रोलरांच्या मधल्या चिमटीपर्यंत सपाट नेणं, ती गुण्यात, म्हणजे रोलरशी काटकोनात ठेवणं, आणि तुमची बोटं रोलरपासून लांब ठेवणं. तिसरं काम लोक विसरतात, म्हणून ते आधी सांगतो.

टेबलावर जे पारदर्शक झाकण असतं, ते उघडलं की बऱ्याच मशीनांत रोलर थांबतात. काही मशीनांत टेबल खाचेत नीट बसलं नसेल तरी मोटर चालू होत नाही. घाईच्या दिवसांत त्या स्विचवर चिकटपट्टी लावून काम करणारी दुकानं मी पाहिली आहेत. असं कधीच करू नका. रोलर शंभर डिग्रीच्या आसपास तापलेला असतो आणि तो हळू फिरतो म्हणून सौम्य वाटतो. पण एकदा बोट धरलं की हळूच, न थांबता आत घेतो. बांगड्या, सैल बाह्या, ओढणी, गळ्यातलं ओळखपत्र, मोकळे केस यांतलं काहीही टेबलावर झुकलेलं नको. मशीन तातडीने थांबवायचं लाल बटण कुठे आहे हे न बघता हात तिथे गेला पाहिजे. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी शीट देऊच देत नाही, मशीन बंद ठेवून दहा वेळा लाल बटणावर हात मारायला लावतो. तो हसतो, पण हात शिकतो.

आणि टेबल हे टेबल नाही, म्हणजे सामान ठेवायची जागा नाही. चहाचा ग्लास, कटर, स्टेपलर, मोबाइल, काही नाही. एक स्टेपल पिन शीटबरोबर आत गेली तर रबराच्या रोलरला खड्डा पडतो आणि तो खड्डा पुढच्या प्रत्येक शीटवर ठरावीक अंतराने ठिपका सोडत राहतो. रोलर बदलायचा खर्च ऐकलात तर तुम्ही आजच स्टेपलर दुसऱ्या खोलीत ठेवाल.

फिल्म चढवताना टेबल काढावं लागतं

बहुतेक मशीनांत रोल चढवून फिल्म आत ओवायची तर टेबल उचलून बाजूला काढावं लागतं. हे मशीन थंड असताना, निदान मोटर बंद असताना करा. फिल्म रोलवरून सुटते, मधल्या दांड्याला वळसा घालून तापणाऱ्या रोलरवर येते. इथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची: गोंदाची बाजू कागदाकडे, गुळगुळीत बाजू तापत्या रोलरकडे. उलटी गेली तर गोंद रोलरवर वितळतो आणि पुढची संध्याकाळ खरवडण्यात जाते.

ग्लॉस फिल्मला गोंदाची बाजू डोळ्यांनी कळते, ती जरा मळकट दिसते. मॅट फिल्मला दोन्ही बाजू मंद, तिथे डोळा फसतो. शंका असेल तर एक तुकडा फाडा, रद्दी कागदावर ठेवा, वरून दुसरा कागद ठेवून इस्त्री फिरवा. ज्या बाजूने चिकटला ती गोंदाची. दोन मिनिटांचं काम आहे.

फिल्मचं तोंड एका जाड पुठ्ठ्याला चिकटवून तो पुठ्ठा चिमटीत द्यायचा, दाबाचा दांडा खाली करायचा आणि मोटर अगदी सावकाश फिरवायची. पुठ्ठा फिल्म घेऊन मागून बाहेर येतो. आता टेबल परत बसवा. दोन्ही बाजूंच्या खाचांत ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. एका बाजूचा टक ऐकू आला आणि दुसरीचा नाही, तर टेबल एका कोपऱ्यात एखाद-दोन मिलिमीटर वर राहिलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, शीटला कळतं. हाताने चारही कोपरे दाबून बघा. डुगडुगलं तर पुन्हा काढून बसवा.

टेबलाची कड आणि चिमटी यांची उंची जुळते का हेही इथेच पाहायचं. कड वर असेल तर शीट चिमटीत जायच्या आधीच तापत्या रोलरला घासते, खाली असेल तर खालच्या रबराला टेकून वर वाकते. शीटने दोघांनाही न शिवता थेट मधे शिरायला हवं. बाजूला उभं राहून, डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघा. समोरून बघून काही कळत नाही.

साइड गाइड : सगळा खेळ पाच मिलिमीटरचा

साइड गाइड म्हणजे टेबलावरची सरकती पट्टी, जिला शीटची कड टेकवायची. एका बाजूचं लॅमिनेशन करताना फिल्म कागदापेक्षा अरुंद असावी लागते. का, तर कागदाच्या बाहेर डोकावणारी फिल्म म्हणजे उघडा गोंद, आणि तो थेट खालच्या रबरावर बसतो. १३ इंच म्हणजे ३३० मिलिमीटर. त्याला ३२० मिलिमीटरची फिल्म घेतली की दोन्ही कडांना पाच-पाच मिलिमीटर कागद मोकळा राहतो. १२ × १८ च्या शीटला, म्हणजे ३०५ मिलिमीटरला, ही ३२० ची फिल्म चालत नाही. फिल्म बदलायचा कंटाळा म्हणून ‘एवढ्या पाच शीटा काढून घेऊ’ म्हणणाऱ्याला रोलर साफ करायला बसवावं.

गाइड असा लावा. मशीन थांबलेलं असताना एक कोरी शीट टेबलावरून फिल्मच्या कडेपर्यंत न्या. फिल्मच्या उजव्या कडेपासून कागदाची उजवी कड पाच मिलिमीटर बाहेर आली की तिथे गाइड टेकवा आणि स्क्रू अर्धा आवळा. अर्धाच, कारण अजून गुण्या बघायचा आहे.

गुण्या म्हणजे सुताराचं ते काटकोन बघायचं अवजार. गाइड रोलरशी काटकोनात आहे का हे बघायला खरा गुण्या वापरता येतो, पण टेबलाची कड आणि रोलर समांतर असतीलच याचा भरवसा जुन्या मशीनला नसतो. त्यापेक्षा मशीनलाच विचारा. जाड कागदाची एक मीटरभर लांब पट्टी घ्या. लांब कड कटिंग मशीनवर सरळ कापलेली हवी. तिला गाइडला टेकवून आत सोडा. बाहेर आल्यावर पुढच्या टोकाला मोकळी किनार मोजा, मागच्या टोकाला मोजा. दोन्हीकडे पाच असेल तर गाइड गुण्यात आहे. पुढे पाच आणि मागे आठ असेल तर मीटरला तीन मिलिमीटर तिरपं आहे. गाइडचं मागचं टोक, म्हणजे तुमच्याकडचं, केसभर हलवा आणि दुसरी पट्टी सोडा. दोन-तीन पट्ट्यांत जमतं. मग स्क्रू पूर्ण आवळा आणि टेबलावर पेनने बारीक रेघ मारून ठेवा. आमच्या टेबलावर अशा चार रेघा आहेत, चार मापांच्या. कुणी टेबल चकचकीत पुसायला घेतलं की मी ओरडतो ते त्या रेघांसाठी.

आता हे तीन मिलिमीटर एवढे का खुपतात? शीट तिरपी गेली की तिची एक बाजू चिमटीत आधी पकडली जाते, दुसरी मागून येते. फिल्म मात्र सरळच ताणलेली असते. शीट आणि फिल्म वेगवेगळ्या दिशांनी जायला बघतात आणि त्यांच्या भांडणात कर्णरेषेवर चुणी पडते. म्हणून खूण लक्षात ठेवा: तिरपी सुरकुती आली तर संशय टेबलावर आणि हातावर. शीटच्या लांबीला समांतर, सरळ रेघेसारखी सुरकुती आली तर फिल्मचं टेन्शन, म्हणजे ताण, किंवा रोलरचा दाब बघा. हा एवढा एक भेद कळला तरी निम्मी फिल्म वाचते.

शीट टेबलावर यायच्या आधी

ऑफसेटवर छापलेली शीट असेल तर शाई सुकायला किमान २४ तास द्या. गडद निळा, काळा असे पूर्ण भरलेले रंग असतील तर दोन दिवस. छापताना शाई पुढच्या शीटला लागू नये म्हणून जी बारीक पावडर उडवतात, ती हातावर जाणवत असेल तर मऊ सुती कापडाने प्रत्येक शीट हलकी पुसून घ्या. नाहीतर फिल्मखाली चंदेरी, वाळूसारखी झाक राहते आणि मॅटवर ती फारच उठून दिसते. डिजिटल प्रिंट गरम गरम आणू नका, थप्पी थंड आणि सपाट होऊ द्या.

पावसाळा हा आमच्या धंद्याचा शत्रू, आणि दिवाळी अंकांची कव्हरं नेमकी पावसाळ्याच्या शेपटावर येतात. दमट कागद तापत्या रोलरखाली गेला की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडू बघतं आणि फिल्मखाली फोड येतात. रीम उघडून उघड्यावर ठेवू नका, मशीनच्या खोलीत आणून बंद वेष्टनातच रात्रभर राहू द्या. फक्त लागेल तेवढं उघडा.

थप्पी टेबलाच्या डाव्या हाताला, टेबलाच्याच उंचीवर ठेवा. खाली स्टुलावर ठेवली तर प्रत्येक शीटला वाकावं लागतं आणि शंभराव्या शीटनंतर हाताची लय मोडते. थप्पीचे दोन कोपरे धरून वाकवा, सोडा, हवा खेळू द्या. दोन शीटा एकमेकींना चिकटून गेल्या तर वरचीच लॅमिनेट होते आणि खालची कोरी निघते. मग थप्पी टेबलावर आपटून गाइडकडची कड एका रेषेत करून घ्या. छापील बाजू वर.

हात कसा चालवायचा

हे वाचून येत नाही, पण काय चुकतंय ते वाचून कळतं, म्हणून लिहितो.

शीट डाव्या हाताने उचला, टेबलावर टाका, उजव्या हाताच्या तळव्याने तिची कड गाइडला टेकवा. टेकवा म्हटलंय, दाबा नाही. पातळ कागद गाइडवर दाबला की मधून कमानीसारखा उठतो आणि तसाच आत जाऊन घडी पडते. दोन्ही तळवे शीटच्या मागच्या तिसऱ्या भागावर सपाट. बोटं चिमटीपासून वीतभर लांब. शीट सावकाश पुढे सरकवा, पुढची कड चिमटीला पूर्ण रुंदीभर एकदम टेकली पाहिजे. रोलरने शीट पकडली की हाताला हलकासा हिसका जाणवतो. त्या क्षणी सोडा.

सोडा म्हणजे खरंच सोडा. नव्या माणसाच्या दोन सवयी इथे नडतात. एक, शीट पकडली गेल्यावरही ढकलत राहणं. मग शीट टेबलावर फुगते. दुसरी, ‘सरळ जाऊ दे’ म्हणून मागून धरून ठेवणं. मग ज्या हाताने जास्त धरलं त्या बाजूला शीट वळते. एकदा पकडली की दिशा रोलर ठरवतो. तुमचं काम पकडायच्या आधीच संपलेलं असतं. नंतर फक्त तळहात हलका ठेवून शीट गाइडला टेकून चालली आहे ना, एवढं बघायचं.

आमच्याकडच्या मावशी, ज्यांना मशीनच्या बटणांवरचं इंग्रजी वाचता येत नाही, त्या माझ्यापेक्षा सरळ शीट देतात. मी विचारलं तर म्हणाल्या, “पोळी तव्यावर टाकताना कुठं आपण तिला धरून ठेवतो?” यापुढे मला काही शिकवता आलेलं नाही.

वेग किती ठेवावा? गणित साधं आहे. १९ इंची शीट म्हणजे ४८३ मिलिमीटर. मशीन मिनिटाला दीड मीटरवर असेल तर एक शीट आत जायला साधारण १९ सेकंद लागतात, तीन मीटरवर असेल तर साडेनऊ. साडेनऊ सेकंदांत शीट उचलायची, टाकायची, टेकवायची, आधीच्या शीटवर जरा चढवून जोड जुळवायचा. हे जमायला महिना लागतो. शिकताना दीड मीटरवरच ठेवा. मात्र वेग बदलला की तापमानही बघावं लागतं, कारण हळू चालणारी शीट जास्त वेळ तापते. या फिल्मला सर्वसाधारणपणे ९० ते ११० डिग्री पुरतं. फिल्मच्या खोक्यावर लिहिलेलं असतं ते खरं मानून सुरुवात करा. चिकटलं की नाही हे शीट पूर्ण थंड झाल्यावर बघायचं. कटरने फुलीसारखा हलका छेद द्या, त्यावर नख लावून फिल्म सोलून बघा. फिल्मबरोबर शाई किंवा कागदाचे धागे निघाले तर पकड पक्की. फिल्म कोरी निघाली तर थोडं तापमान वाढवा किंवा वेग कमी करा.

जोड वर की खाली

एका बाजूच्या लॅमिनेशनमध्ये दोन शीटांच्या मधे फट राहिली तर तिथे उघडा गोंद रबरावर बसतो. म्हणून शीटा एकीवर एक थोड्या चढवून देतात. पाच मिलिमीटर चढवा. तीनमध्येही भागतं, पण हात बसेपर्यंत पाचच ठेवा. आठ-दहा मिलिमीटर चढवून देणारा माणूस ग्राहकाचा कागद खातो.

पण कुठली कुणावर? पुढची शीट आधीच्या शीटच्या मागच्या टोकावर ठेवली तर आधीच्या शीटचं शेपूट पाच मिलिमीटर झाकलं जातं आणि तेवढं फिल्मविना कोरं राहतं. शिवाय ३०० जीएसएमचा कार्ड जाड असल्यामुळे फिल्म त्या पायरीवरून चढताना एखाद-दोन मिलिमीटर हवेत तंबूसारखी उभी राहते. म्हणजे शेपटाकडचे सहा-सात मिलिमीटर कामातून गेले असं धरा. उलट पुढची शीट आधीच्या शेपटाखाली सरकवली तर नुकसान पुढच्या शीटच्या डोक्याला होतं. हाताला वर ठेवणं सोपं, कारण जोड दिसतो. मी वरच ठेवतो.

हे कळायला मला एक काम वाया घालवावं लागलं. दिवाळी अंकाची दोनशे कव्हरं होती. डिझाइन करणाऱ्याने कव्हर शीटच्या मधोमध न ठेवता एका टोकाला सरकवलं होतं. एका बाजूला दीड इंच कोरी जागा आणि दुसऱ्या बाजूला चार-पाच मिलिमीटर. मी थप्पी आली तशी उचलली, शीटा दिल्या, सुंदर चकाकी आली. कटिंगला गेल्यावर मलपृष्ठाच्या कडेला दोन मिलिमीटरची फिल्मविना पट्टी सगळ्या प्रतींवर. उन्हात धरली की लगेच दिसे. कव्हरं पुन्हा छापून घ्यावी लागली, आणि छपाई माझ्या खिशातून. शीटा नुसत्या उलट टोकाने फिरवून दिल्या असत्या तर ती दीड इंची कोरी जागा शेपटाकडे गेली असती आणि काहीच झालं नसतं.

म्हणून आता नियम: थप्पी हातात घेतली की आधी कटमार्क, म्हणजे कापायच्या जागेच्या छापील खुणा, बघायच्या, जास्त कोरी जागा कुठल्या टोकाला आहे ते ठरवायचं, ते टोक मागे. थप्पीवर पेन्सिलीने बाण काढायचा. पहिली शीट द्यायच्या आधी दोन रद्दी शीटा, शेवटच्या शीटनंतर दोन रद्दी शीटा, त्याही तेवढ्याच जाड. त्यामुळे सुरुवातीची विस्कटलेली फिल्म आणि शेवटचा उघडा गोंद दोन्ही रद्दीवर जातात.

मागे बाहेर पडलेली शीटांची लांब माळ थंड झाल्यावर जोडापाशी हिसका देऊन सुटी करतात. तेव्हा फिल्म वेडीवाकडी फाटत असेल तर जोड तिरपे बसले आहेत. पुन्हा टेबलावर या.

२०० मीटरचा रोल असेल तर या मापाने साधारण चारशेच्या आसपास शीटा निघतात, सुरुवातीची वाया गेलेली फिल्म सोडून. चारशे दहा शीटांचं काम एका रोलवर घेऊ नका. शेवटच्या शीटांना रोल बदलला की नवी आणि जुनी चकाकी शेजारीशेजारी ठेवल्यावर वेगळी दिसू शकते आणि नेमकं ग्राहकाला ते दिसतं.

दोन्ही बाजूंनी, म्हणजे पाठपोट

पुस्तकाच्या कव्हरला एकच बाजू लागते. मेन्यू कार्ड, टॅग, पत्त्यांसारखी कार्डं यांना पाठपोट लागतं. वर-खाली दोन्ही फिल्म असलेलं मशीन नसेल तर दोनदा द्यायचं. पहिल्या फेरीनंतर शीट फिल्मच्या बाजूला वळलेली असते, कारण ताणून चिकटवलेली फिल्म सैल व्हायला बघते. नंतर उघड्या बाजूचा कागद हवेतला दमट ओलावा पिऊन फुगतो, फिल्म फुगत नाही, आणि वाक आणखी वाढतो. म्हणून पहिली आणि दुसरी फेरी एकाच दिवशी करा. रात्रभर ठेवलीत तर सकाळी पापड.

दुसऱ्या फेरीत फिल्मची बाजू खाली टेबलावर येते, त्यामुळे वाकलेल्या शीटचे कोपरे आता खाली आणि मधला भाग वर, कमानीसारखा. अशा वेळी एका हाताने शीटच्या मध्यावर हलकं दाबून पुढची कड सपाट करून चिमटीत द्यावी लागते. दुसरा हात गाइडकडे. फिल्मवर टेबलाचा ओरखडा येऊ शकतो, मॅटवर तर नखाचाही येतो, म्हणून दुसऱ्या फेरीआधी टेबल कोरड्या मऊ कापडाने पुसलंच पाहिजे. काही जण शीट सरकायला सोपं जावं म्हणून टेबलावर टाल्कम पावडर टाकतात. सरकतं खरं. पण तीच पावडर पुढच्या शीटच्या छापील अंगावर जाऊन बसते आणि मग चंदेरी झाक का येते म्हणून तुम्ही पुन्हा फिल्मवाल्याला फोन लावता.

प्रमाणपत्र किंवा नकाशा दोन्ही बाजूंनी जाड फिल्ममध्ये बंद करायचा असेल, तर सगळं उलट. तिथे फिल्म कागदापेक्षा रुंद हवी, वरची आणि खालची फिल्म कडेला एकमेकींना चिकटायला हवी. म्हणून शीटा एकमेकींवर चढवायच्या नाहीत, दोन शीटांत सेंटिमीटरभर फट सोडायची आणि त्या फटीतून कापायचं. गाइड शीट फिल्मच्या मधोमध येईल असा लावायचा. एका कामाहून दुसऱ्यावर जाताना हात जुन्याच सवयीने चढवून देतो. तेव्हा टेबलावर समोर चिठ्ठी लावून ठेवा, ‘आज फट’.

अडकलं तर

पातळ कागद असेल, शंभर जीएसएमच्या आतला, तर तो स्थिर विजेमुळे टेबलाला चिकटतो. हिवाळ्यात कोरड्या हवेत जास्तच. टेबल किंचित ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा, आणि मशीनचं अर्थिंग वायरमनकडून बघून घ्या.

फिल्म किंवा शीट रोलरवर गुंडाळली गेली तर पहिलं काम लाल बटण. दुसरं, दाबाचा दांडा वर करून रोलर वेगळे करणं. उलट फिरायचं बटण असेल तर झाकण बंद ठेवून सावकाश उलट फिरवा आणि निघालं तेवढं निघू द्या. नसेल तर थांबा, मशीन कोमट होईपर्यंत. ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर, नख, काहीही रोलरवर चालवायचं नाही. कोमट झालं की गोंद मऊ असतो, सुती कापडाने चोळला की गोळ्या होऊन सुटतो. मोटर बंद ठेवून हाताला येईल तेवढा भाग पुसा, रोलर थोडा पुढे फिरवून थांबवा, मग पुढचा भाग. फिरत्या रोलरला कापड लावून ‘एका झटक्यात’ पुसणारे महाभाग प्रत्येक गल्लीत एक तरी असतात.

गोंदाचे वाळलेले कण टेबलाच्या पुढच्या कडेवरही साचतात, जिथे नजर जात नाही. शीटच्या खालच्या बाजूला एकाच जागी ओरखडा येतोय असं दिसलं तर त्या कडेवरून बोट फिरवून बघा. मशीन बंद असताना, अर्थात.

दिवस संपताना शेवटच्या रद्दी शीटा बाहेर काढायच्या, दाबाचा दांडा वर करायचा, हीटर बंद करायचा आणि रोलर थोडा गार होईपर्यंत रिकामाच सावकाश फिरू द्यायचा. मग मोटर बंद, दांडा वरच. दाबून ठेवलेला गरम रबर रात्रभर एका जागी राहिला तर तिथे चपटा होतो. फिल्म चिमटीच्या अलीकडे कापू नका, शेवटची रद्दी शीट तिला तशीच लटकलेली राहू द्या. सकाळी तीच शीट फिल्म पुढे ओढून नेते आणि टेबल काढायचं काम वाचतं. टेबल कोरड्या कापडाने पुसा. पेनाच्या रेघा सोडून.